मोतीची साखर

दोस्तांनो, समजा तुमच्या घरी एक मोती आहे. नऊ वर्षांचा, तपकिरी रंगाचा, तुम्ही शाळेतून आलात की शेपटीबरोबर सगळं अंगच हलवणारा. तुम्ही पहिलीत होतात तेव्हा तो घरी आला. म्हणजे तुमच्याबरोबरच वाढला म्हणा ना!

गेले काही दिवस मात्र मोतीचं काहीतरी बिनसलंय. सकाळी पाण्याचं भांडं काठोकाठ भरून ठेवावं, तर दुपारी ते कोरडं. पुन्हा भरलं तर संध्याकाळी पुन्हा कोरडं. रात्री दोनदा-तीनदा उठून तो दार खरवडतो. एरवी इतका शहाणा कुत्रा, पण परवा त्यानं चक्क बैठकीच्या खोलीत लघवी केली आणि ओशाळून कोपऱ्यात जाऊन बसला. जेवतो मात्र दुप्पट, आणि तरीही पाठीची हाडं हाताला लागायला लागलीत. आजी म्हणते, "म्हातारा झाला हो आता!" तुम्हालाही तसंच वाटतं. आणि मग एक दिवस तुमच्या लक्षात येतं की अंगणात मोती जिथे लघवी करतो, तिथे मुंग्यांची रांग लागली आहे.

थांबा! या मुंग्या तुम्हाला काहीतरी सांगताहेत. आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांनाही मुंग्यांनी हेच सांगितलं होतं. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, म्हणजे ती गोड असणार, हे त्यांनी ओळखलं आणि त्या रोगाला नाव दिलं मधुमेह. मधासारखी गोड लघवी होण्याचा आजार.

"कुत्र्याला मधुमेह? काहीतरीच काय!" असं म्हणू नका. कुत्र्यांना होतो, मांजरांनाही होतो. आणि झाला तर त्यांनाही तेच औषध लागतं जे माणसांना लागतं. ते म्हणजे इन्सुलिन.

दारात दूध, आत उपाशी

तुम्ही म्हणाल, "पण मोती तर साखर खातच नाही!" खरं आहे. पण भात, पोळी, बिस्किट या सगळ्याची पोटात गेल्यावर ग्लुकोज नावाची साखरच होते. ही साखर रक्तातून शरीराच्या प्रत्येक पेशीच्या दारापर्यंत पोचते. तीच त्या पेशीचं इंधन.

आता असं समजा, की पहाटे दूधवाला दारात उभा आहे. पण दाराला आतून कडी. कडी काढायला कोणी उठतच नाही. बाहेर दुधाच्या किटल्यांवर किटल्या जमताहेत आणि घरातली मुलं मात्र उपाशी! मधुमेहात नेमकं हेच होतं. पोटामागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो. तो इन्सुलिन तयार करतो आणि इन्सुलिन ही कडी काढतं. कुत्र्याला मधुमेह होतो तेव्हा बहुधा त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. कडी काढणारं कोणी उरत नाही.

म्हणून मोती दुप्पट खातो आणि तरी वाळतो. रक्तात साखर तुंबते. निरोगी कुत्र्याच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम साखर असते. ती १८० ते २२० च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना अडवता येत नाही आणि ती लघवीत उतरते. साखर आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त. बघा, पाण्याचं रिकामं भांडं, रात्रीचं दार खरवडणं, उठून दिसणारी हाडं आणि मुंग्या, चारही गोष्टी एकाच दोरीत ओवल्या गेल्या की नाही? मोतीनं खोड्या केल्या नव्हत्या. तो आजारी होता.

दुर्लक्ष केलं, तर मात्र हाल होतात. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून रक्तात आम्लं साठतात, उलट्या होतात, प्राणी मलूल होतो आणि उपचार झाले नाहीत तर दगावतो. म्हणून अशी लक्षणं दिसली की "म्हातारपण" म्हणून सोडून देऊ नका. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. रक्त आणि लघवी तपासली की निदान होतं.

घरातली एक संध्याकाळ

निदान झाल्यावर घरात काय होईल, तेही पाहू. डॉक्टर सांगतात, "रोज दोन वेळा इंजेक्शन. बारा-बारा तासांनी. जन्मभर." घरी परतताना रिक्षात कोणीच बोलत नाही. रात्री मोठी माणसं हळू आवाजात बोलतात. कोणी म्हणतं, "माणसांचं करता करता नाकी नऊ येतात, कुत्र्याचं कुठे करत बसायचं?" कोणी म्हणतं, "त्याला तरी त्रास कशाला?" तुम्ही पांघरुणात डोळे मिटून सगळं ऐकता.

दोस्तांनो, मोठ्यांवर रागावू नका. त्यांचा प्रश्न खरा आहे. औषधाचा खर्च आहे, तपासण्या आहेत आणि गावाला जायचं तर मोतीकडे कोण बघणार, हाही प्रश्न आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. इन्सुलिन नीट मिळालं तर मधुमेह झालेला कुत्रा पुष्कळदा कित्येक वर्षं मजेत जगतो. धावतो, भुंकतो, पोस्टमनवर गुरगुरतो. आणि इंजेक्शनचा त्रास? इन्सुलिनची सुई केसासारखी बारीक असते. कुत्र्याची खांद्यामागची, कुशीवरची कातडी सैल असते. ती चिमटीत धरून सुई टोचली तर बरेच कुत्रे मागे वळूनही पाहत नाहीत.

मग अवघड काय आहे? अवघड आहे ते घड्याळ पाळणं. आणि त्याहून अवघड, "नाही" म्हणणं. त्याकडे येऊच. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. इन्सुलिन कुत्र्याला कशाला, असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर ती जरूर ऐकावी.

मार्जोरीचं देणं

साल १८८९. तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबर्ग शहरात ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग या दोघा डॉक्टरांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. त्या कुत्र्याला मधुमेह झाला. मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात आहे, हे जगाला असं कळलं.

मग उजाडला १९२१ सालचा उन्हाळा. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत दोन तरुण काम करत होते. फ्रेडरिक बँटिंग हा शस्त्रवैद्य २९ वर्षांचा आणि त्याचा मदतनीस चार्ल्स बेस्ट अवघा २२ वर्षांचा. कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढायचा आणि मधुमेह झालेल्या कुत्र्याला टोचायचा, असा त्यांचा प्रयोग. कित्येक कुत्रे दगावले. पण अर्क टोचल्यावर रक्तातली साखर उतरते, हे दिसलं. मार्जोरी नावाची एक कुत्री तर स्वादुपिंड काढल्यावरही त्या अर्काच्या जोरावर सुमारे ७० दिवस जगली.

११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो अर्क टोचला गेला. तुमच्याच वयाचा मुलगा! मधुमेहानं त्याचा नुसता सापळा उरला होता. पहिलं इंजेक्शन फारसं लागू पडलं नाही. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानं अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं आणि लेनर्डची साखर उतरली. तो आणखी तेरा वर्षं जगला. १९२३ सालचं नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळालं. बँटिंगनं आपल्या वाट्यातली अर्धी रक्कम बेस्टला दिली, मॅक्लिऑडनं कॉलिपला. इन्सुलिनचं पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. औषध सगळ्यांना मिळावं म्हणून.

त्या कुत्र्यांना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांना पारितोषिक मिळालं नाही की पुतळा. आज जगभरातली लक्षावधी मुलं इन्सुलिनवर शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात. त्यात मार्जोरीचा वाटा आहे. तेव्हा मोतीला इन्सुलिन देणं म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हेत. जुनी उधारी थोडीशी फेडणं आहे.

गंमत पाहा. इन्सुलिनचा रेणू ५१ अमिनो आम्लांचा बनलेला असतो. कुत्र्याचं आणि डुकराचं इन्सुलिन अगदी तंतोतंत सारखं. माणसाचं त्यांच्यापेक्षा फक्त एका अमिनो आम्लानं वेगळं. मांजराचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनला सर्वांत जवळचं. १९८२ सालापासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. त्याआधी साठ वर्षं माणसांनी गाईचं आणि डुकराचं इन्सुलिन टोचून घेतलं. आहे की नाही सगळे एकाच गोतावळ्यातले?

सकाळचे सात, संध्याकाळचे सात

आता मोतीचा दिवस पाहू. सकाळी सात वाजता जेवण. रोज तेच अन्न, तेवढंच, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. मोतीनं ते संपवलं की लगेच इंजेक्शन. संध्याकाळी सात वाजता पुन्हा तसंच. रविवार असो, परीक्षा असो, क्रिकेटचा सामना असो, सात म्हणजे सात.

आधी जेवण आणि मग इंजेक्शन, हा क्रम का? कारण इन्सुलिन एकदा आत गेलं की ते साखर उतरवणारच. पोटात अन्न नसेल तर साखर फार खाली जाईल. म्हणून मोती जेवला नाही किंवा त्यानं उलटी केली, तर नेहमीचा डोस देऊन मोकळं व्हायचं नाही. आधी डॉक्टरांना फोन करायचा.

इंजेक्शन देणं हे मोठ्यांचं काम. पण त्यातलं एक गणित तुम्हालाही आलं पाहिजे, कारण त्यात भलेभले फसतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० वाल्या सिरिंजचं टोपण बहुधा लाल असतं, १०० वाल्या सिरिंजचं नारिंगी. समजा मोतीला ४ युनिट द्यायचे आहेत. ४० च्या सिरिंजवर ४ ची रेघ म्हणजे पाव मिलिलिटरही नाही, मिलिलिटरचा दहावा भाग. आता त्याच सिरिंजमध्ये चुकून १०० वाल्या बाटलीतलं इन्सुलिन ४ च्या रेघेपर्यंत भरलं तर किती युनिट होतील? करा गणित! १०० चा दहावा भाग, म्हणजे १०. अडीचपट! जिवावर बेतेल इतकं. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा रोज ताडून पाहायचा. एकानं भरायचं, दुसऱ्यानं वाचायचं. ते वाचण्याचं काम खुशाल तुमच्याकडे घ्या.

आणखी एक काम तुमचं. एक वही घाला. तारीख, वेळ, मोती किती जेवला, किती युनिट दिले, पाणी किती प्यायला, सगळं लिहा. या वहीचा उपयोग कळेल एखाद्या धांदलीच्या सकाळी. बाबा विचारतील, "इंजेक्शन झालं का?" आई म्हणेल, "मला वाटलं तुम्ही दिलंत!" अशा वेळी वहीत पाहायचं. आणि वहीतही नसेल, कोणाला आठवतही नसेल, तर? तर द्यायचं नाही! एखादं इंजेक्शन चुकलं तर साखर थोडी चढेल, पुढच्या वेळी उतरेल. पण दोनदा दिलं गेलं तर जीव जाऊ शकतो. डोस स्वतःच्या मनानं वाढवायचा नाही, कमी करायचा नाही.

बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात मुळीच नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा. तसंच उन्हात ठेवलेलं. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचरा वेचणाऱ्या मावशींच्या हातात ती सुई जाईल. झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि डॉक्टरांकडे नेऊन द्या.

साखर उतरली तर

हा भाग दोनदा वाचा, आणि आई-बाबांनाही वाचून दाखवा. इन्सुलिन जास्त झालं, जेवण कमी झालं किंवा मोती एरवीपेक्षा फार हुंदडला, तर साखर एकदम खाली जाते. मोती थरथरतो, झोकांड्या खातो, हाक मारली तर ओळख नसल्यासारखा बघतो. पुढे झटके येतात, शुद्ध जाते.

तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर ताबडतोब त्याचं जेवण पुढे ठेवा. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. झटके येत असतील तर दातांमध्ये बोट घालू नका. थोडा मध हिरड्यांच्या बाहेरच्या बाजूला लावा आणि वेळ न घालवता डॉक्टरांकडे निघा. अशा घरात मधाची बाटली कायम हाताशी हवी. ज्याला एरवी गोड वर्ज्य, त्याचाच जीव वाचवायला मध लागतो. आहे की नाही नवल!

मनी मांजरीची गोष्ट वेगळी

मांजरांचा मधुमेह जरा निराळा. त्यांच्या अंगात इन्सुलिन पुष्कळदा तयार होत असतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. दिवसभर खिडकीत लोळणाऱ्या लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त. एखादी मनी मागचे पाय टाचांपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागते, तेही मधुमेहाचं लक्षण असू शकतं.

आपल्याकडे मांजराला दूधभात घालायची पद्धत. पण मांजर मुळात मांसाहारी. मधुमेह झालेल्या मांजराला भरपूर प्रथिनं आणि कमी पिष्ट असलेलं अन्न लागतं. इन्सुलिन लवकर सुरू झालं, खाणं सुधारलं, वजन हळूहळू उतरलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे बंदही करता येतं. कुत्र्यांच्या नशिबी हे सहसा नसतं. मात्र वजन उतरवायचं म्हणून मनीला उपाशी ठेवू नका. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही तर मांजराचं यकृत बिघडतं.

मांजरांची आणखी एक खोड. नुसत्या भीतीनंही त्यांच्या रक्तातली साखर चढते! पिशवीत घालून दवाखान्यात नेलेली मनी घाबरलेली असतेच. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नाहीत. फ्रुक्टोसामाइन नावाची एक तपासणी असते. तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांत साखर साधारण किती होती ते समजतं.

पालकांसाठीही एक गोष्ट. माजावर येऊन गेल्यावर कुत्रीच्या शरीरात जी संप्रेरकं वाढतात, ती इन्सुलिनचं काम बिघडवतात. म्हणून मधुमेह झालेल्या कुत्रीची पिल्लं न होण्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचा सल्ला डॉक्टर देतात. तो टाळू नये.

माया म्हणजे काय?

आता ते अवघड "नाही". मोती ताटाशेजारी येऊन बसतो. डोळ्यांत ती नजर! तुमच्या हातात ग्लुकोजचं बिस्किट. "एकानं काय होतंय?" तुम्ही एक देता. ताई गुपचूप एक देते. आजी पोळीचा गुळाचा तुकडा देते, पाहुणे गणपतीचा मोदक देतात. प्रत्येकानं एकच दिलं, पण मोतीनं चार खाल्ले! मग वहीतले आकडे वेडेवाकडे होतात आणि डॉक्टर बुचकळ्यात पडतात. साखर घातलेलं नाही म्हणून "शुगर-फ्री" चघळगोळी द्याल तर आणखी वाईट. तिच्यात पुष्कळदा झायलिटॉल असतं, आणि ते कुत्र्यांना विषासारखं आहे.

म्हणून घराच्या दारावर एक पाटी लावा: "मोतीला काहीही देऊ नये." खाली तुमची सही. पाहुणे हसतील. हसू देत.

एवढं सगळं सांभाळलं तरी एक गोष्ट घडू शकते. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना पुढेमागे मोतीबिंदू होतो. मोतीच्या डोळ्यांत मोतीबिंदू! काहींची शस्त्रक्रिया करता येते, काहींची नाही. पण कुत्रा जग ओळखतो ते मुख्यतः नाकानं आणि कानानं. घरातल्या खुर्च्या-टेबलं जागच्या जागी ठेवा, जवळ जाताना हाक मारा. तो तुमच्या पावलांच्या आवाजावरून तुम्हाला ओळखेल आणि शेपटीबरोबर सगळं अंग हलवेल, पहिल्यासारखंच.

दोस्तांनो, माया करणं म्हणजे आपल्या ताटातलं काढून देणं, असं आपण समजतो. मोतीच्या बाबतीत माया म्हणजे सातच्या ठोक्याला खेळ सोडून घरी येणं, वही लिहिणं, आणि त्या नजरेला नजर देऊन बिस्किट डब्यात परत ठेवणं.

जाता जाता एक सांगतो. बँटिंगचा जन्म १८९१ सालच्या १४ नोव्हेंबरचा. म्हणून तो दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. यंदाच्या बालदिनाला एक करा. तुमच्या घरातल्या, नाहीतर शेजारच्या मोतीचं पाण्याचं भांडं दिवसातून किती वेळा भरावं लागतं, तेवढं मोजा. भरपूर वेळा भरावं लागत असेल, तर घरच्यांना सांगा. आणि हो, मुंग्यांकडेही लक्ष असू द्या!